ओळख आवाजाची, भेट मांडवातली

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही मस्तगडच्या सात जणी जालन्याच्या बसस्थानकावर येऊन थांबलो होतो. सोबत आमच्या वस्तीतले एक निवृत्त गुरुजी होते आणि आमच्यातील एका कॉलेजकन्येचे वडील होते. हातात डबे, खांद्याला पिशव्या, अंगावर शाली. ओळखीच्या चहावाल्याने विचारले, "एवढ्या सकाळी कुणीकडं? लग्न आहे का?"

हो म्हटले असते तर विषय संपला असता. पण गुरुजींनी खरे ते सांगून टाकले. "औरंगाबादला साहित्य मेळावा आहे. तिथं आमचे मित्र भेटणार आहेत. दोन वर्षांची ओळख आहे, पण अजून एकमेकांना पाहिलेलं नाही."

चहावाल्याने गाळणी तशीच हातात धरली आणि आमच्या तोंडाकडे पाहत राहिला.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरात आज अशी एखादी मैत्री असेलच. नाव माहीत आहे, आवाज माहीत आहे, आवडीनिवडी माहीत आहेत, पण माणूस पाहिलेला नाही! अशा माणसांची गाठ प्रत्यक्ष पडते तेव्हा काय घडते, त्यातले गोड काय आणि कडू काय, हे आम्ही त्या एका दिवसात अनुभवले. ते जसे घडले तसे सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

रोज रात्री नऊ वाजता

आमच्या वाचकगटाची सुरुवात अगदी साधी आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत, २०२० साली, विहारातील रविवारचे वाचन बंद पडले. तेव्हा गुरुजींनी एक युक्ती काढली. पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचायचे, तो आवाज मोबाइलवर भरायचा आणि सर्वांना पाठवायचा. ज्यांना वाचता येते त्यांनी वाचावे, ज्यांना येत नाही त्यांनी ऐकावे. आमच्यातल्या दोघी जणी अक्षरओळखीपुरत्याच शिकलेल्या. पण ऐकण्यात त्या सर्वांच्या पुढे!

टाळेबंदी उठली तरी वाचन थांबले नाही. कुणाच्या बहिणीने, कुणाच्या भाच्याने नाव नोंदवले आणि गट वाढत गेला. नांदेड, अकोला, बार्शी, भुसावळ, पुणे... पाहता पाहता साठ-सत्तर माणसे झाली. रात्री नऊ वाजले की भांडी घासता घासता, शिलाई मशीनवर बसल्या बसल्या, कारखान्याच्या फाटकावर पहारा देता देता लोक ऐकू लागले. दया पवारांचे 'बलुतं' झाले, लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' झाले, ऊर्मिला पवारांचे 'आयदान' झाले. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' तर श्रोत्यांच्या आग्रहावरून दोनदा वाचले गेले.

या गटात बहुतेकांनी टोपणनावे घेतली होती. कुणी 'वाचनवेडी', कुणी 'गोदाकाठ', कुणी 'रातराणी'. आडनाव लावण्याची रीत पडली नाही. ती मुद्दाम ठरवून टाळली, असे नाही. पण नाही पडली, एवढे खरे.

मग कळले, की औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एक दिवसाचा साहित्य मेळावा आहे. गटावर विचारणा झाली, की सर्वांनी तिथेच भेटायचे का? एका रात्रीत सत्तावीस जणांनी होकार कळवला.

घरचा उंबरठा

होकार देणे सोपे, घरातून निघणे अवघड. हे आमच्या भगिनींना वेगळे सांगायला नको!

एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "फोनातली माणसं फोनातच बरी." एकीच्या मालकांनी दोन दिवस अबोला धरला. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला वडिलांनी स्पष्टच सांगितले, की अनोळखी माणसांना भेटायला पोरीला एकटी धाडणार नाही. त्यांचे तरी काय चुकले? मोबाइलवरून ओळख करून मुलींना फसवल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शेवटी तडजोड निघाली. वडील स्वतः सोबत येणार, मागच्या खुर्चीवर बसणार आणि मुलगी आपल्या मैत्रिणींना भेटणार.

पैशाचाही प्रश्न होताच. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले आहे, त्याचा मोठा आधार. डबा घरचा. पुस्तकांसाठी मात्र प्रत्येकीने महिनाभर आधीपासून काही ना काही बाजूला टाकले होते. साठेक किलोमीटरचा तो प्रवास, पण आमच्यातल्या एकीसाठी नातलगांच्या सुखदुःखाशिवाय केलेला तो आयुष्यातील पहिलाच प्रवास होता. वय वर्षे बावन्न!

ही रीत आपल्या घरची आहे

बसमध्ये गुरुजींनी आम्हाला जी हकीकत सांगितली ती तरुण वाचकांना ठाऊक असावी, म्हणून येथे थोडक्यात देत आहोत. न पाहिलेल्या मित्रांनी साहित्याच्या मांडवात भेटावे, हे काही मोबाइलने आणलेले नवे खूळ नाही. मराठवाड्यात, आपल्याच नागसेनवनात, या रीतीची पाळेमुळे आहेत.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून ट्रंका डोक्यावर घेऊन मुले तिथे शिकायला आली. त्याच परिसरात १९६७ च्या सुमारास डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. गंगाधर पानतावणे आदींच्या प्रयत्नांतून 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले आणि लवकरच ते 'अस्मितादर्श' झाले. पानतावणे सरांनी हे त्रैमासिक पुढे अनेक दशके चालवले.

त्या काळी लिहिणारा पोरगा कुठल्या तरी वस्तीत एकटा असे. आजूबाजूला कविता समजणारे कुणी नाही. घरात दिवा एक आणि माणसे आठ. तो कविता लिहून पाकिटात घालायचा, तिकीट लावायचा आणि वाट पाहायचा. छापून आली, की दूरच्या गावचा कुणी अनोळखी वाचक कार्ड टाकून कळवायचा, की भाऊ, तुमची कविता वाचली. अशी कितीतरी माणसे केवळ पत्रांतून आणि अंकाच्या पानांतून एकमेकांची झाली.

मग या माणसांनी एकत्र यावे म्हणून १९७४ पासून 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावे भरू लागले. नाव नीट वाचा : लेखक-वाचक! केवळ लेखकांचा दरबार नव्हे. लिहिणारा आणि वाचणारा यांना एकाच सतरंजीवर बसवण्याची ती कल्पना होती. पुढे निरनिराळ्या शहरांत हे मेळावे झाले. पानतावणे सर २००९ साली अमेरिकेत सॅन होजे येथे झालेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ मार्च रोजी ते आपल्यातून गेले.

त्याच्याही मागे जायचे तर २ मार्च १९५८ रोजी मुंबईत दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. आणि त्याच्याही मागे, १८८५ साली, ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले असता महात्मा फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. ज्यांना आमच्या सुखदुःखाशी देणेघेणे नाही त्यांच्या सभेत आम्ही का बसावे, हा त्या पत्रामागचा विचार होता. म्हणजे कुणाबरोबर बसायचे आणि कुणी कुणाला बसू द्यायचे, हा प्रश्न मराठी साहित्याच्या सभेत पहिल्यापासूनच उभा आहे. हा प्रश्न त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्याही पुढ्यात येणार आहे, याची बसमध्ये आम्हाला कल्पना नव्हती.

साता समुद्रापलीकडेही

जगातही असेच घडत आले आहे. अमेरिकेत १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या संपादकाने 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक काढले. वाचकांची पत्रे छापताना ते पत्रलेखकाचा पूर्ण पत्ताही छापीत. एवढ्या साध्या गोष्टीने काय केले पाहा! वाचक संपादकाला लिहिण्याऐवजी एकमेकांनाच लिहू लागले. पत्रांतून मित्र झाले, मित्रांची मंडळे झाली आणि १९३९ साली न्यूयॉर्कला या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. सुमारे दोनशे माणसे जमली. आज त्या संमेलनाला हजारो लोक जातात. छापलेल्या पत्त्याने जे काम तेव्हा केले, तेच आज मोबाइलचा क्रमांक करतो आहे.

खुद्द बाबासाहेबांनीही दूरच्या माणसाशी पत्राने नाते जोडले होते. जुलै १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती. ड्यू बॉईस यांनी त्याच महिन्यात उत्तर दिले आणि अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल आपली सहानुभूती कळवली. सारखे दुःख भोगणारी माणसे एकमेकांना न पाहताही ओळखतात, याचा याहून मोठा दाखला कोणता?

"अहो, हा तर आपला रातराणीचा आवाज!"

मेळाव्याच्या मांडवात आम्ही पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. फाटकाशी पुस्तकांची दुकाने लागत होती. निळे झेंडे, चहाची किटली, ध्वनिक्षेपकावर कुणीतरी "एक, दोन, तीन" म्हणत होते. गर्दीत आपली माणसे ओळखायची कशी? चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. गटावर फोटो म्हणून कुणी बाबासाहेबांचा, कुणी बुद्धाचा, कुणी फुलाचा लावलेला.

तेवढ्यात आमच्यातल्या एकीने नोंदणीच्या टेबलाशी विचारले, "पावती कुठं फाडायची?" आणि पलीकडच्या रांगेतून एक उंच गृहस्थ गर्रकन वळून ओरडले, "अहो, हा तर आपला रातराणीचा आवाज!"

मग काय विचारता! एकमेकांना आवाजावरून ओळखण्याचा खेळच सुरू झाला. जो तो बोलायचा आणि बाकीचे नाव सांगायचे. ज्यांच्या धीरगंभीर आवाजाने आम्ही 'बलुतं' ऐकले होते आणि ज्यांना आम्ही मोठे प्राध्यापक समजत होतो, ते अकोल्याकडच्या एका कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी निघाले. शिक्षण नववी. 'गोदाकाठ' म्हणजे कुणी पोक्त बाई असतील असे वाटले होते, तर ती नांदेडची बावीस वर्षांची परिचारिका! दोघी-तिघींनी गळामिठी घातली. कुणी नुसतेच हात हातात घेऊन उभे राहिले. दोन वर्षे रोज बोलणाऱ्या माणसांना समोरासमोर काय बोलावे हेच सुचेना. शेवटी पहारेकरी दादा म्हणाले, "चला, चहा घेऊ. फोनवर तेवढाच राहिला होता."

थोडी निराशाही पदरी पडली, तीही सांगायला हवी. आमच्या आवडीचे एक लेखक व्यासपीठावर होते. त्यांचे पुस्तक आम्ही गटावर अडीच महिने वाचले होते. सही घ्यायला गेलो, तर त्यांनी मान वर न करता सही केली आणि "पुढचे" म्हणाले. आमची कॉलेजकन्या हिरमुसली. गुरुजी म्हणाले, "बाळ, पुस्तक चांगलं आहे ना? मग झालं. माणसाला गाडी गाठायची असेल." खरेच गाठायची होती की नाही, कोण जाणे!

आडनाव

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्यातील एक भगिनी शिवणकाम करतात. त्यांना आपण ताई म्हणू. बार्शीकडच्या एक भगिनी गटात पहिल्या वर्षापासून आहेत. त्यांना अक्का म्हणू. या दोघींचे फार जमले होते. गटावरचे वाचन झाले, की दोघी स्वतंत्र फोन करून तासभर बोलत. अक्कांच्या मुलीचे बाळंतपण, ताईंच्या मुलाची नोकरी, गुडघेदुखी, लोणच्याचा मसाला, असे सारे बोलणे. 'जिणं आमुचं' ऐकताना अक्का फोनवर रडल्या होत्या. "माणसांनी माणसांना असं वागवलं?" असे त्यांनी ताईंना विचारले होते.

बेबीताईंची कथा आपणास ठाऊक असेल. फलटणला छोटेसे दुकान चालवता चालवता त्यांनी ते लिहिले आणि घरच्यांपासून वीस वर्षे लपवून ठेवले. संशोधनासाठी फलटणला आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहामुळे ते १९८२ साली 'स्त्री' मासिकातून छापून आले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. आपले लिहिणे आपल्याच घरात लपवावे लागलेल्या त्या बाईचे शब्द आज बार्शीच्या स्वयंपाकघरात कुणाच्या डोळ्यांत पाणी आणतात, याचे ताईंना फार अप्रूप होते.

मांडवात दोघी भेटल्या. गळाभेट झाली. ताईंनी स्वतः शिवलेली पिशवी अक्कांना दिली, अक्कांनी शेंगाचटणीची पुडी दिली. शेजारी शेजारी बसून पहिले सत्र ऐकले. जेवणाच्या सुट्टीत डबे निघाले. आणि डबा उघडता उघडता अक्कांनी अगदी सहज विचारले, "अगं, दोन वर्षं झाली, पण तुमचं आडनाव काय ते विचारायचंच राहिलं की!"

ताईंनी सांगितले.

आम्ही समोरच बसलो होतो, त्यामुळे जे दिसले ते सांगतो. अक्का काही बोलल्या नाहीत. वाईट तर मुळीच बोलल्या नाहीत. पण त्यांचा हात डब्याच्या झाकणावरच राहिला. थोड्या वेळाने "आलेच हं, ओळखीच्या बाई दिसल्या" असे म्हणून त्या उठल्या आणि परत आल्या त्या सुट्टी संपल्यावर. डबा त्यांनी कुठे खाल्ला, खाल्ला की नाही, आम्हाला माहीत नाही. ताईंनी त्यांच्यासाठी काढून ठेवलेली भाकरी तशीच राहिली. ती त्यांनी शांतपणे पुन्हा फडक्यात बांधली.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कुणाला हा क्षण नवीन आहे? भाड्याची खोली पाहायला गेल्यावर, नवीन कचेरीत पहिल्या दिवशी, रेल्वेच्या डब्यात गप्पा रंगल्यावर, शेवटी आडनाव येतेच. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालची गोष्ट लिहून ठेवली आहे. वडिलांना भेटायला ते भावंडांबरोबर साताऱ्याहून निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. मुलांचे कपडे नीटनेटके. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. तुम्ही कोण, असे त्याने विचारले आणि मुलांनी जात सांगताच त्याचा चेहरा पालटला. नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाने तो चेहरा पाहिला आणि जन्मभर लक्षात ठेवला. त्या स्टेशनला आता सव्वाशे वर्षे होत आली. संविधान आले, अस्पृश्यता गुन्हा ठरली. पण विचारणाऱ्याचा तो चेहरा अजून कुठे कुठे भेटतो.

परतीच्या बसमध्ये कुणी फारसे बोलले नाही. आमच्यातली एक जण चिडून म्हणाली, "पुस्तकातली बेबीताई चालते. शेजारच्या खुर्चीवरची ताई चालत नाही!" दुसरी म्हणाली, "आपण गटात आडनाव लपवलं, हीच चूक झाली." त्यावर ताई पहिल्यांदा बोलल्या. "मी लपवलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा सांगितलं."

आठ दिवसांनी आलेला फोन

त्यानंतर आठ दिवस अक्का गटावर दिसल्या नाहीत. ताई रोज रात्री वाचन ऐकत होत्या, पण स्वतःच्या पाळीचे पान त्यांनी दुसरीला दिले. नवव्या दिवशी अक्कांचा फोन आला. काय बोलणे झाले ते ताईंनी आम्हाला सांगितले आणि दोघींच्या संमतीने येथे देत आहोत.

अक्का म्हणाल्या, की मला राग आला नव्हता, किळस आली नव्हती. पण लहानपणापासून घरात जे पाहिले ते एकदम आडवे आले. आई बाहेरच्या बायांना वरून पाणी ओतायची. मी कधी ओतले नाही, म्हणून मला वाटायचे, मी त्यातली नाही. तुझ्यासमोर डबा उघडताना हात अडला तेव्हा कळले, की मी त्यातलीच आहे. मग लाज वाटली आणि उठून गेले. डबा तसाच घरी नेला.

ताईंनी काय उत्तर द्यावे? "असू द्या, विसरा" असे म्हणणे सोपे होते. त्या तसे म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अक्का, भाकरी मी परत आणली. ती दुसऱ्या दिवशी खाल्ली मी. पण आवडली नाही."

महिन्याभराने अक्का लेकीला घेऊन जालन्याला आल्या. स्टेशनवर ताई गेल्या होत्या. मस्तगडला आमच्या वस्तीत, ताईंच्या दोन खोल्यांच्या घरात त्या जेवल्या, दुपारी आडव्या झाल्या, संध्याकाळी आम्हा सर्वांना भेटल्या. मस्तगडावरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. जाताना रात्रीच्या वाचनाचे पान पुन्हा ताईंकडे द्या, असे गुरुजींना सांगून गेल्या.

यात कुणी कुणावर उपकार केले, असे आम्ही मानत नाही. आपल्या घरी कुणी जेवले म्हणून आपण धन्य झालो, असे मानण्याचे दिवस बाबासाहेबांनी कधीच संपवले आहेत. भाकरी ताईंची होती, मान ताईंचा होता. अक्कांनी जे केले ते स्वतःसाठी केले आणि त्याला धैर्य लागते, हे मात्र मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. सगळेच अक्कांसारखे परत फिरत नाहीत. त्याच मेळाव्यानंतर गटातून दोन नावे काही न सांगता कमी झाली. कारण कुणी विचारले नाही.

भेटायला जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आमच्या अनुभवावरून काही सूचना कराव्याशा वाटतात.

१. पहिली भेट नेहमी चारचौघांत घ्यावी. साहित्य मेळावा, ग्रंथप्रदर्शन, विहारातील कार्यक्रम यांसारखी जागा उत्तम. कुणाच्या खोलीवर किंवा आडवाटेला पहिल्या भेटीला जाऊ नये.

२. घरी खरे सांगून जावे. कुठे, कुणाला, किती वाजेपर्यंत, हे निदान एका माणसाला ठाऊक असावे. मुलींना अडवण्याऐवजी सोबत जावे. आमच्यासोबत आलेले ते वडील मागच्या खुर्चीवर बसले खरे, पण दुपारपर्यंत त्यांनी स्वतःसाठी दोन पुस्तके घेतली होती. आता तेही रात्री नऊ वाजता ऐकतात!

३. परतीचे तिकीट आणि पैसे आपले आपल्याजवळ असावेत. केवळ फोनवरच्या ओळखीवर उसने देऊ नये, घेऊ नये. विचारल्यावाचून कुणाचा फोटो काढून पुढे पाठवू नये.

४. मेळावा भरवणाऱ्यांना विनंती : वाचकांच्या ओळखीसाठी तासभर वेळ राखून ठेवा. व्यासपीठावर बारा माणसे आणि खाली पाचशे, अशी सभा झाली, की खालची माणसे एकमेकांना न भेटताच घरी जातात. जेवण सर्वांचे एकत्र, एका पंगतीत ठेवा. भाषणाने जे होत नाही ते पंगतीत होते, किंवा होत नाही हे तरी कळते.

मस्तगड

आमच्या मस्तगडचा हा किल्ला १७२५ च्या सुमारास निजामाच्या आज्ञेवरून काबिलखानाने बांधला असे सांगतात. किल्ला बांधतात तो बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी. आज त्याच गडाच्या सावलीत राहणारी आम्ही माणसे रात्री नऊ वाजता बार्शीला, नांदेडला, अकोल्याला आवाज धाडतो आणि तिकडचा आवाज घरात घेतो.

यंदा पुन्हा मेळाव्याला जायचे ठरले आहे. या वेळी मस्तगडहून अकरा जण आहेत. सासूबाईंनीही नाव दिले आहे. गटावर एक ठराव झाला, की ज्यांना टोपणनाव ठेवायचे त्यांनी खुशाल ठेवावे, पण मांडवात भेटल्यावर प्रत्येकाने आपले पूर्ण नाव आपणहून, मोठ्याने सांगावे. कुणी विचारण्याची वाट पाहू नये. हा ठराव ताईंनी मांडला आणि त्याला अनुमोदन अक्कांनी दिले.

डबे मात्र या वेळी वेगवेगळे नेणार नाही. अक्का शेंगाचटणी आणणार आहेत, भाकरी ताईंची.